घरगुती प्रयोगशाळा : मायक्रोफोनचा पूर्ववर्धक

गेल्या श्रावणांत आमच्या आत्याबाई चार दिवस आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. त्यांस आज चौऱ्यायशीं वर्षें पूर्ण आहेत. त्यांच्या लहानपणीं घरांत जातें होतें, आणि पहांटे दळावयास बसल्यावर त्यांच्या मातोश्री, म्हणजे माझ्या आजी, ज्या ओव्या म्हणत त्या आत्याबाईंना अजून येतात. आमच्या घराण्यांत त्या येणारें दुसरें माणूस आतां उरलेलें नाहीं. आमच्या कुलवृत्तांतांत सात पिढ्यांतील पुरुषांचीं नांवें क्रमवार छापलेलीं आहेत. परंतु घरांत आलेल्या स्त्रियांचीं माहेरचीं नांवें त्यांत क्वचितच सांपडतात. लग्नांत नांव बदलण्याची चाल असल्यामुळें तीं नांवें कागदावरून पुसलीं गेलीं. राहिलीं तीं फक्त या ओव्यांत. तेव्हां त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्या असें सर्वांच्याच मनांत आलें, आणि मला अशा खटपटींची हौस आहे म्हणून तें काम माझ्याकडे व माझ्या नातवाकडे आलें.

नातू आठवींत शिकतो. त्याच्यापाशीं कोणींसा दिलेला एक जुना मायक्रोफोन होता. सभेंत वक्त्यापुढें असतो तसा. तो घरच्या संगणकास जोडून पाहिला, तों आवाज इतका क्षीण आला कीं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकहि त्याहून मोठी वाटावी. मायक्रोफोन आणि संगणक यांच्या मध्यें आवाजाचा विद्युत्प्रवाह वाढविणारें एक लहानसें यंत्र लागतें. त्यास प्रीॲम्प्लिफायर म्हणतात. आपण पूर्ववर्धक म्हणूं. तयार यंत्र घेतल्यास कांहीं हजार रुपये पडतात. तेंच घरीं केल्यास सुटे भाग कांहींशें रुपयांत येतात, आणि मुलाच्या हातास वळण लागतें तें निराळेंच. म्हणून आम्हीं तें घरीं करण्याचें ठरविलें. त्या यंत्राची हकीकत, त्यांत झालेल्या चुका, आणि जी अखेरपर्यंत सुधारतां आली नाहीं ती एक चूक, या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

'घरोघरीं मोबाइल फोन असतां हा खटाटोप कशासाठीं?' असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि हाताशीं दुसरें कांहीं नसेल तर फोनवरच मुद्रण करावें असेंच मी सांगेन. परंतु फोनची रचना मुख्यतः बोलण्यासाठीं केलेली असते. पुष्कळ फोनांत आवाज लहान झाला कीं तो आपोआप वाढविण्याची आणि मागचा गोंगाट आपोआप दाबण्याची सोय असते. म्हाताऱ्या माणसाचा कांपरा, लांबविलेला सूर या सोयीच्या तावडींत सांपडला म्हणजे मधूनच फुगतो व मधूनच बुडतो. आम्हांला सूर जसा आहे तसा हवा होता.

मायक्रोफोन किती देतो?

आमचा मायक्रोफोन फिरत्या वेटोळ्याच्या जातीचा. त्यांत एक पातळ पडदा असतो, पडद्याला बारीक तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें, आणि तें वेटोळें लोहचुंबकाच्या फटींत तरंगतें. आवाजानें पडदा हालला कीं वेटोळें हालतें, आणि तारेंत वीज उत्पन्न होते. धरणावरचें जनित्र आणि हा मायक्रोफोन यांचें तत्त्व एकच, फरक प्रमाणाचा. साधारण बोलण्याइतका आवाज दोन हातांवरून या पडद्यावर पडला तर मिळणारा दाब सुमारें ४० मायक्रोव्होल्ट असतो. म्हणजे एका व्होल्टाचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतले चाळीस! संगणकाच्या लाइन-इन खांचेला मात्र व्होल्टाचा तिसरा-चौथा हिस्सा तरी लागतो. हजारों पटींचें हें अंतर पूर्ववर्धकानें भरून काढावयाचें असतें.

केवळ मोठें करणें कठीण नाहीं. कठीण असतें तें आवाज मोठा करतांना सळसळ मोठी होऊं न देणें. कोणत्याहि धातूच्या तारेंत किंवा रेझिस्टरमध्यें उष्णतेमुळें विद्युत्कणांची अखंड चळवळ चाललेली असते, आणि तिचा एक बारीक, सारखा 'सूं' असा ध्वनि होतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन जॉन्सन यांनीं तो मोजला, त्यांचेच सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनीं त्याचें गणित बसविलें, आणि दोघांचेहि निबंध १९२८ सालीं प्रसिद्ध झाले. आमच्या मायक्रोफोनच्या तारेचा अवरोध सुमारें २०० ओहम आहे. एवढ्या अवरोधांतून, माणसाच्या कानास ऐकूं येणाऱ्या सर्व पट्ट्यांत मिळून, सुमारें पाव मायक्रोव्होल्ट सळसळ निघते. ती निसर्गाची पट्टी आहे. तींतून सूट नाहीं. परंतु तिच्यांत आपल्या यंत्राची भर किती पडावी हें मात्र आपल्या हातीं असतें.

यांतूनच या विद्येचा पहिला नियम निघतो. वर्धनाच्या पहिल्या पायरीवर जी सळसळ मिसळते ती पुढच्या प्रत्येक पायरीवर आवाजाबरोबर तितक्याच पटीनें वाढते. दुधांत पाणी गवळ्याकडेच पडलें असेल तर घरीं कितीहि चांगल्या पातेल्यांत आटवलें तरी मूळचा कस येत नाहीं, तसाच हा प्रकार.

पहिली मांडणी, आणि ती कां फसली

माझ्या विद्यार्थिदशेंतल्या एका वहींत ७४१ या आयसीचें चित्र काढलेलें होतें. ही आयसी फेअरचाइल्ड कंपनीनें १९६८ सालीं बाजारांत आणली, आणि ती आजहि मिळते. पुण्यांत बुधवार पेठेंतल्या तापकीर गल्लींत आम्ही दोघे गेलों, आणि आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर, भोकांचा पट्टा असें सर्व साहित्य घेऊन आलों. वहींतल्या आकृतींत एकाच आयसीकडून हजार पट वर्धन घेतलेलें होतें: दहा लक्ष ओहमचा एक रेझिस्टर आणि एक हजार ओहमचा दुसरा. दोन संध्याकाळांत सोल्डरचे डाग देऊन झाले. संगणकांतून आत्याबाईंचा आवाज मोठा ऐकूं आला तेव्हां नातवानें टाळ्या वाजविल्या, आणि मीहि फारसा विचार न करतां त्याच दिवशीं मुद्रणास बसलों.

आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. मायक्रोफोन मीं समोरच्या तिपाईवर, त्यांच्यापासून दोन हातांवर ठेविला. वडील माणसाच्या तोंडापाशीं तें काळें बोंड नेणें मला बरें दिसेना. त्या दिवशीं त्या तेवीस ओव्या म्हणाल्या. मधली एक ओवी आम्हीं पूर्वीं कधींच ऐकलेली नव्हती. आमच्या घरचें जातें ज्या खापरपणजीनें माहेराहून आणलें तिचें माहेरचें नांव तिच्यांत होतें.

रात्रीं सर्व मंडळी जमून तें मुद्रण ऐकूं लागलीं, तों आवाज कांबळें पांघरून बोलल्यासारखा येऊं लागला. सूर कळे, ठेका कळे, पण अक्षरें उमटत ना. त्या ओवीशीं आलों तेव्हां नांवाचें पहिलें अक्षर 'स' आहे कीं 'ठ' आहे याचाच निर्णय होईना. आत्याबाईंना विचारलें, तों त्या म्हणाल्या, "अरे, असें मधेंच विचारून तें येत नाहीं. तें ओघांत येतें." दुसऱ्या दिवशीं त्यांना वाईला परत जावयाचें होतें, आणि त्या गेल्या.

चूक कोठें झाली तें मला मागाहून हिशेब केल्यावर उमगलें. ७४१ची शक्ति बांधलेल्या मिळकतीसारखी आहे. वर्धनाची पट आणि ज्या कंपनसंख्येपर्यंत तें वर्धन टिकतें ती संख्या, यांचा गुणाकार सुमारें दहा लक्षांपलीकडे जात नाहीं. आम्हीं हजार पट मागितली. त्यामुळें पल्ला उरला तो फक्त एक हजार हर्ट्झपर्यंत. त्यावरचे ध्वनि उतरत्या क्रमानें क्षीण होत गेले. गाण्याचे मूळ सूर पुष्कळसे या हजाराच्या आंत असतात, म्हणून चाल कळली. परंतु स, श, च, ठ यांसारख्या व्यंजनांची ओळख कान ज्यावरून करतो तो सुस्कार दोन हजारांपासून आठ हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. तोच नेमका हरवला होता.

संगणकावर वरचे ध्वनि वाढवून पाहण्याचा उपायहि आम्हीं करून पाहिला. वरचे ध्वनि वाढले, आणि त्यांबरोबर सळसळहि तितकीच वाढली. सळसळ पुसण्याची कृति करूं गेलों तर तिच्याबरोबर अक्षराची जी अंधुक खूण होती तीहि पुसली गेली. जें पहिल्या पायरीवर सळसळीखालीं बुडालें तें पुढें वर काढतां येत नाहीं, हा मघांचा नियम मी पुस्तकांत पूर्वींच वाचलेला होता. तो खरा कळला त्या रात्रीं.

सुधारणा

त्यानंतर भाद्रपद व आश्विन हे दोन महिने आम्हीं यंत्र सुधारण्यांत घालविले. ज्यांना हें यंत्र करावयाचें असेल त्यांनीं आमची शेवटची मांडणी सरळ उचलावी. पण प्रत्येक बदल कां केला तें समजून घ्यावें, म्हणजे चुका पुन्हा होणार नाहींत.

पहिला बदल आयसीचा. ७४१ काढून एनई ५५३२ ही घेतली. ध्वनियंत्रांत ही फार वर्षें रुळलेली आहे, स्वस्त आहे, आणि एका कवचांत दोन वर्धक असतात. तिची मिळकत ७४१च्या सुमारें दहापट आहे. शिवाय हजार पट एका दमांत न मागतां आम्हीं ती दोन पायऱ्यांत वाटली: पहिल्या वर्धकानें ३४ पट, दुसऱ्यानें ३४ पट, दोन्हींचा गुणाकार ११५६ पट. असें केल्यानें प्रत्येक पायरीचा पल्ला माणसाच्या कानाच्या कितीतरी पलीकडे जातो. कांबळें एका क्षणांत उतरलें.

पण आतां सळसळ स्पष्ट ऐकूं येऊं लागली. पहिल्या पायरीला आम्हीं ३३० हजार आणि १० हजार ओहमचे रेझिस्टर लाविले होते. पट बरोबर होती, परंतु दहा हजार ओहमचा तो रेझिस्टर स्वतःच, वर सांगितलेल्या उष्णतेच्या न्यायानें, आयसीच्या अडीचपट सळसळ करीत होता. पट ठरते ती दोन रेझिस्टरांच्या प्रमाणावर. सळसळ ठरते ती त्यांच्या मापावर. म्हणून प्रमाण तेंच ठेवून मापें शंभरपटीनें उतरविलीं: ३३०० ओहम आणि १०० ओहम. हिशेबाप्रमाणें सळसळ जवळजवळ एक तृतीयांशावर यावयास पाहिजे होती, आणि कानालाहि तसेंच वाटलें.

येथें नातवानें एक गोष्ट माझ्या आधीं हेरली. तो म्हणाला, "आजोबा, सळसळ गेली खरी, पण तुमचा आवाज टेलिफोनवरच्यासारखा कां येतोय?" त्याचें म्हणणें बरोबर होतें. १०० ओहमच्या रेझिस्टरला जोडून जमिनीकडे जाणारा एक कपॅसिटर असतो. तो पूर्वींचाच, १० मायक्रोफॅरडचा, राहिला होता. रेझिस्टर दहा हजार ओहमचा होता तोंवर या जोडीचें खालचें टोंक दीड-दोन हर्ट्झवर होतें. रेझिस्टर शंभरपट लहान झाल्याबरोबर तेंच टोंक १५९ हर्ट्झवर येऊन बसलें. पुरुषाच्या आवाजाचा खर्ज त्याच्याहि खालीं असतो. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाविला तेव्हां तें टोंक साडेतीन हर्ट्झपर्यंत उतरलें आणि आवाजास पुन्हा भरदारपणा आला. एका ठिकाणीं हात लाविला कीं दुसरीकडे काय हाललें तें तपासावें, हा धडा त्या मुलाला माझ्या सांगण्यावरून मिळाला नसता.

तिसरा उपद्रव 'घूं' अशा घुमण्याचा. आपल्याकडील विजेच्या ५० हर्ट्झच्या लाटा भिंतींतल्या तारांतून आणि भिंतीला लावावयाच्या ॲडॅप्टरमधून यंत्रांत शिरत होत्या. यावर सर्वांत सोपा आणि मुलांच्या हातीं देण्यास निर्भय उपाय म्हणजे नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या. घरच्या विजेशीं या यंत्राचा संबंधच ठेवूं नये. ५५३२ला सुमारें आठ मिलिअँपिअर प्रवाह लागतो, त्यामुळें चांगल्या बॅटऱ्या कित्येक संध्याकाळा पुरतात. शिवाय सर्व मांडणी चहाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत बसवून डबा एकाच जागीं यंत्राच्या जमिनीस जोडला. मुद्रण करतांना संगणकाचा चार्जरहि काढून ठेविला. घुमणें जवळजवळ नाहींसें झालें.

आतां जोडणी सांगतों. आयसीवरची खूण डावीकडे ठेवून पाय मोजावे: खालच्या ओळींत डावीकडून १ ते ४, वरच्या ओळींत उजवीकडून ५ ते ८. ज्यांच्या अंगीं सोल्डरची संवय नाहीं त्यांनीं आयसी प्रत्यक्ष न डागतां तिचें सॉकेट डागावें व आयसी शेवटीं खोंचावी.

एका बॅटरीचें ऋण टोंक व दुसरीचें धन टोंक एकत्र जोडावें. हा जोड म्हणजे यंत्राची जमीन. उरलेलें धन टोंक पाय ८ला व उरलेलें ऋण टोंक पाय ४ला. हीं उलट झालीं तर आयसी तत्काळ निकामी होते. पाय ८ व पाय ४ या दोहोंपासून जमिनीकडे ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक लहान कपॅसिटर, आयसीच्या अगदीं जवळ.

मायक्रोफोनच्या तीन खुंट्यांच्या जोडणींत खुंटी १ व ३ जमिनीला, खुंटी २ आयसीच्या पाय ३ला. पाय ३पासून जमिनीकडे २२०० ओहम, आणि त्याच्याच बरोबरीनें ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर. जवळ मोबाइल फोन असल्यास होणारी टरटर यानें बरीच आटोक्यांत येते. पाय १ व २ यांच्या मध्यें ३३०० ओहम. पाय २पासून १०० ओहम, त्यापुढें ४७० मायक्रोफॅरड, त्यापुढें जमीन. कपॅसिटरचें ऋण टोंक जमिनीकडे असावें.

पाय १पासून १० मायक्रोफॅरड, तेथून आवाज कमीजास्त करण्याची दहा हजार ओहमची फिरकी. फिरकीचें दुसरें टोंक जमिनीला, मधलें टोंक पाय ५ला. पाय ६ व ७ यांच्या मध्यें ३३ हजार ओहम. पाय ६पासून १००० ओहम, त्यापुढें ४७ मायक्रोफॅरड, त्यापुढें जमीन. पाय ७पासून १०० ओहम, त्यापुढें १० मायक्रोफॅरड, आणि तेथून लाइन-इनकडे जाणारी तार. मायक्रोफोनची तार शक्य तितकी आंखूड ठेवावी. मोठ्या दिवाणखान्यांत लांब तारा टाकावयाच्या असतील तर ही साधी जोडणी पुरणार नाहीं. तेथें दोन्ही तारांतला समान उपद्रव वजा करणारी रचना लागते, आणि ती एखाद्या पुढच्या अंकाचा विषय होईल.

सर्वांत मोठी सुधारणा

दिवाळी झाल्यावर हा डबा घेऊन आम्ही वाईला गेलों. आत्याबाईंना मधल्या काळांत खोकल्यानें बरेच दिवस सतावलें होतें, आणि वरचा सूर पूर्वींसारखा लागत नव्हता. मीं पूर्वींच्याच रीतीनें तिपाई दोन हातांवर मांडली. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें आणि म्हटलें, "अरे, इतक्या लांबून ऐकतोस कशाला? मला आतां ओरडवत नाहीं. आण तें इकडे." आणि त्यांनीं स्वतःच तिपाई ओढून आपल्यापासून एका वितीवर घेतली.

मीं हिशेब केला तो परत येतांना, गाडींत बसून. दोन हात म्हणजे चार वीत. ध्वनीचा उगम चौपट जवळ आला कीं मायक्रोफोनवर पडणारा त्याचा दाब चौपट होतो. खोलींतला प्रतिध्वनि, पंख्याचा आवाज आणि यंत्राची सळसळ हीं मात्र आहेत तेवढींच राहतात. पहिल्या पायरीचे रेझिस्टर बदलून आम्हीं सळसळ तिप्पट कमी केली होती, आणि त्या कामाला दोन महिने लागले होते. आत्याबाईंनीं तिपाई ओढून चौपट लाभ मिळवून दिला, आणि त्याला एक क्षणहि लागला नाहीं! श्रावणांतच मीं संकोच सोडला असता, तर त्या फसलेल्या ७४१मधूनहि तें अक्षर कदाचित् ओळखतां आलें असतें.

जवळ ठेवण्याचेहि नियम आहेत. मायक्रोफोन थेट तोंडासमोर ठेविला तर 'फ' आणि 'भ' म्हणतांना वाऱ्याचा फटका पडद्यावर बसतो; म्हणून तो थोडा एका बाजूस, ओठांच्या कोंपऱ्याच्या रेषेंत, तोंडाकडे वळवून ठेवावा. एका बाजूचाच आवाज घेणाऱ्या मायक्रोफोनांत फार जवळ गेल्यास खर्ज अवाजवी वाढतो. एक वीत हें अंतर आम्हांस बेताचें वाटलें. पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्या, आणि गाद्या-पांघरुणें असलेली खोली निवडावी, म्हणजे भिंतींचा प्रतिध्वनि कमी होतो. आरंभीं अर्धें मिनिट कोणींहि न बोलतां नुसतें मुद्रण करावें, म्हणजे खोलीची सळसळ किती आहे तें मागाहून कळतें.

त्या दिवशीं आत्याबाई एकोणीस ओव्या म्हणाल्या. जातें समोर नव्हतें, तरी त्यांचा उजवा हात मांडीवर खुंट्याच्या ठेक्यानें फिरत होता. एकूण एक अक्षर स्वच्छ उमटलें आहे. दोन ओव्यांच्या मध्यें त्या श्वास घेतात तोहि ऐकूं येतो. परंतु त्या एकोणिसांत ती ओवी आली नाहीं. जातें आणणाऱ्या खापरपणजीचा विषय आम्हीं दोनदां हळूच काढला. त्यांनीं डोळे मिटून पुष्कळ वेळ आठवून पाहिलें, आणि शेवटीं म्हणाल्या, "त्या दिवशीं आली होती. आतां नाहीं येत. तुमच्या त्या यंत्रांत आहे ना?" मीं "आहे" असें म्हटलें.

आणि ती आहे, हें खोटें नव्हे. श्रावणांतलें तें कांबळ्याखालचें मुद्रण आम्हीं जसेंच्या तसें, कांहीं न पुसतां जपून ठेविलें आहे. त्याच्याबरोबर एक कागद जोडला आहे. त्यावर तारीख, स्थळ, आणि 'नांवाचें पहिलें अक्षर स किंवा ठ' एवढें लिहिलें आहे. कुलवृत्तांताच्या आमच्या प्रतींतहि त्या जागीं नातवानें पेन्सिलीनें तसेंच टिपून ठेविलें आहे.

हेमा राईरकर यांनीं पुण्यास राहून, सहकाऱ्यांसह, खेडोपाडींच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लक्षाहून अधिक ओव्या जमा केल्या. तेवढें मोठें काम प्रत्येकाच्या हातून होणार नाहीं. परंतु आपापल्या घरांतलीं पांचपंचवीस गीतें, आरत्या, भूपाळ्या, मंगळागौरीचीं गाणीं किंवा नुसत्या जुन्या गोष्टी टिपून ठेवणें कोणासहि अशक्य नाहीं. हें यंत्र त्यासाठीं अवश्य करावें. मुलांना हाताशीं घेऊन करावें. पण तें पूर्ण होण्याची वाट पाहात मुद्रण लांबणीवर टाकूं नये. आज घरांत जें साधन असेल तें घ्यावें, वडील माणसाच्या एका वितीवर जाऊन बसावें, आणि पहिलें मुद्रण या आठवड्यांतच करावें. यंत्र सुधारलें कीं दुसरें करावें, आणि पहिलें कधींहि पुसूं नये.

पुढील अंकीं, केलेल्या मुद्रणांच्या किती प्रती ठेवाव्या, कोठें ठेवाव्या, आणि प्रत्येकीबरोबर कोणती माहिती लिहून ठेवावी याविषयीं लिहीन. वर दिलेल्या जोडणींत कोणास अडचण आल्यास त्यांनीं आपल्या मांडणीची आंकृति काढून संपादकांच्या पत्त्यावर पाठवावी; आजोबा आणि नातू मिळून उत्तर देऊं.